ल पसंत आहे

समुद्रपूर,
१६ जानेवारी २०२५

चि. सुरभी,

तिळगूळ पोचला असेल. तुला गोड बोल म्हणून सांगण्यात अर्थ नाही हे ठाऊक आहे, तरी पाठवला.

आता कामाचं. अक्षय तृतीयेला मी पुण्याला चालले, कायमची. गोपाल म्हणतो, आई, बाबांना जाऊन इतकी वर्षं झाली, तू एकटी त्या घरात काय करत बसतेस? सपनानेही बोलावलंय, आणि माझी सून उगाच तोंडदेखलं बोलत नाही. घराला गिऱ्हाईक शोधणं सुरू आहे. वांग्याचे वाफे यंदा शेवटचे.

जाण्याआधी माझं एकच काम उरलंय, ते म्हणजे तू. तुझी आई गेल्यावर दहावीपर्यंत माझ्याकडे राहिलीस, म्हणून तुझ्या बापाने, अण्णाजींनी, तुझ्या लग्नाचं सगळं माझ्या गळ्यात घातलं आणि स्वतः सिंदी रेल्वे गावी टमाट्याच्या शेतात भेदरं तोडत मोकळे राहिले. परवा हिंगणघाटच्या परिचय मेळाव्याला जाऊन आले. सोबत एक बायोडाटा आहे. धनंजय, नागपूरला इंजिनिअर, स्वतःचा फ्लॅट, निर्व्यसनी, उंची भरपूर. फोनवर पाठवत नाही, कारण आपल्या घरच्या ग्रुपवर सकाळी टाकलेलं दुपारी तुझ्या बापाच्या हातात पडतं आणि संध्याकाळी तो मुहूर्त विचारत फिरतो. तेव्हा तूही पत्रानेच उत्तर दे.

कागद नीट बघ.

तुझी,
सुलोचना आत्या

•

सिंदी मेघे, वर्धा
२५ जानेवारी

आत्या,

कागद नीट बघितला. भिंगातूनही बघितला.

ज्याने केलाय त्याने तीन टाइप एका भांड्यात शिजवलेत. मथळा लग्नपत्रिकेच्या टाइपात, नाव निवडणुकीच्या बॅनरच्या टाइपात आणि खालचा मजकूर संगणकाबरोबर फुकट येतो त्यात. ते कसं ओळखायचं सांगते, बसस्टँडवर बसल्या बसल्या तुझी करमणूक होईल.

आधी ल बघायचा. तू मला पाटीवर गिरवायला लावायचीस तो ल आठव. दोन पोटं, आणि शेवट वळून खाली सुटलेला. काठी नाही. ह्या कागदावरच्या ल ला उजवीकडे सरळ काठी आहे. तो हिंदी वळणाचा. श चंही तसंच, मराठी वेगळा आणि हिंदी वेगळा. हिंदी वळण वाईट नाही, हिंदी पुस्तकात ते छानच दिसतं, आणि आपल्या वर्ध्यात तर दोन्ही वळणं शेजारी नांदतात. पण नावात एक ल आणि पत्त्यात दुसरा, हे काय? मग अनुस्वार बघ. काही टाइपांत तो गोल असतो, काहींत बोरू टेकवल्यासारखा चौकोनी. शेवटी पहिली वेलांटी. 'शिक्षण' मधल्या शि वर ती काठीपर्यंत पोचतच नाही, पांघरूण अपुरं पडल्यासारखी मध्येच थांबते.

टाइप धनंजयने निवडला नसेल, मान्य. पण छापून आल्यावर त्याने एकदाही त्याकडे पाहिलं नाही, हे कळतं. मी दिवसभर प्रेसमध्ये बियाण्यांच्या पाकिटांवर अक्षरं बसवते आणि संध्याकाळी घरी माझा स्वतःचा टाइप, अ ते ज्ञ सगळी अक्षरं, काढत बसते. ज्याला ती शि उघडी पडलेली दिसत नाही, त्याच्याशी मी संध्याकाळी बोलायचं काय?

आणि तू पुण्याला का चाललीस? तुला खरंच जायचंय, की गोपालदादाला नाही म्हणवत नाही?

सुरभी

•

समुद्रपूर,
४ फेब्रुवारी

चि. सुरभी,

पोरीला मुलगा दाखवला, पोरीने वेलांटी बघितली. हे मी कुणाला सांगू? अण्णाजींना एवढंच कळवलं की नागपूरची हवा तुला मानवत नाही.

पुण्याचं विचारलंस म्हणून सांगते. हे होते तेव्हा एसटीतल्या कंट्रोलरची बायको म्हणून आल्यागेल्याचा चहा दिवसभर गॅसवर असायचा. आता तव्यावर एक पोळी टाकायची आणि गॅस बंद करायचा. एका पोळीसाठी तवा तापवायचा मला कंटाळा आलाय गं. बोलायला माणूस लागतं. वांगी काही उत्तर देत नाहीत. म्हणून चालले.

पण तू माझ्या डोक्यात भलतंच भरवून दिलंस. हिंगणघाटच्या गाडीत बसले, समोर लिहिलेलं 'महिलांसाठी'. किती वर्षं त्याच जागेवर बसते, ह्या वेळी पहिल्यांदा त्या ला कडे बघितलं. काठीवाला! मग पिठाच्या पिशवीवर बघितलं, दवाखान्याच्या पाटीवर बघितलं. किराणा दुकानात तांदळाच्या पोत्याशी वाकले होते तर शेजारची शालू म्हणाली, "काय शोधून राह्यल्या जी, काकू?"

मी म्हटलं, "पोट."

ती बिचारी तांदूळ न घेताच गेली.

दुसरा बायोडाटा पाठवते. श्रावण, आमच्या गावचाच, बियाण्यांचं दुकान आहे. म्हणजे तुझ्या पाकिटांशीही नातं जुळलं. ह्या वेळी मुलगा बघ, वेलांटी नको.

आत्या

•

सिंदी मेघे,
१२ फेब्रुवारी

आत्या, आत्या, आत्या!

हा कुठून आणलास? संध्याकाळपासून कागद हातातून खाली ठेवला नाहीये. मला फारच पसंत आहे. काय तो ल! दोन्ही पोटं अशी की पहिलं दुसऱ्याला जागा करून देतं, आणि शेवटचा फटकारा खाली येता येता जरा थांबतो. मजकुराचा टाइप तोच फुकटाचा, पण जिथे जिथे ल आहे तिथे तिथे काठीवाला काढून हा बसवलाय. एकेक करून, हाताने! एवढी चिकाटी असलेला माणूस आपल्या जिल्ह्यात आहे आणि मला पत्ताच नाही.

मी दीड वर्षापासून ल वरच अडलेय. माझी बाकीची सगळी अक्षरं झालीत, ल तेवढा मांडी घालून बसलाय. ज्याने हे केलंय त्याला मला भेटायचंच आहे. लवकरात लवकर. तू ठरव आणि कळव.

आनंदात,
सुरभी

•

समुद्रपूर,
१८ फेब्रुवारी

चि. सौ. (आता म्हणायला हरकत नाही) सुरभी,

पत्र वाचलं आणि देवापुढे साखर ठेवली. 'पसंत आहे' हे दोन शब्द तुझ्या तोंडून ऐकायला मी किती वाट बघितली! अक्षरावरून का होईना, मुलगा भरला ना तुझ्या मनात? मला वाटलंच होतं, बियाणं विकणारा पोरगा एवढं सुबक काम करतो म्हणजे संसारही नेटका करेल.

अण्णाजींना लगेच फोन केला. ते रडले. श्रावणची माणसं येत्या रविवारी तुला बघायला वर्ध्याला येतील. पोहे तू करू नकोस, मी घरून आणते. मी पुण्याला मोकळ्या मनाने जाणार. आता माझं काही राहिलं नाही.

आत्या

•

सिंदी मेघे,
२१ फेब्रुवारी, स्पीड पोस्टने

आत्या,

अगं, मला ल पसंत आहे! श्रावण नाही! श्रावण कोण आहे हेही मला माहीत नाही!

फोन केला तर तू "लाजू नको, लाजू नको" म्हणून ठेवून दिलास. परत केला तर बिझी, कारण तू सगळ्या गावाला सांगत होतीस. बाबांचा फोन आला, त्यांनी लग्नाच्या साडीच्या रंगाबद्दल विचारलं. मी बोलायला लागले तर त्यांना हुंदका आला, मग मीच फोन ठेवला.

लग्नाच्या बायोडाट्याचा कागद मुलगा स्वतः करतो का कधी? तो कुठल्यातरी दुकानात होतो. मला त्या दुकानातला माणूस हवाय! लग्नासाठी नाही, ल साठी! रविवार रद्द कर. तू केलंस, तूच निस्तर.

सुरभी

•

समुद्रपूर,
१ मार्च

चि. सुरभी,

निस्तरलं. तोंड लपवत श्रावणच्या दुकानात गेले. म्हटलं, बाबा रे, आमच्या पोरीला तुझ्या बायोडाट्यातला ल आवडला, तू नाही. दुसरा कुणी असता तर चिडला असता. हा पोरगा खुर्चीतून उठून माझ्या पायाच पडला. हिंगणघाटच्या एका मुलीशी त्याचं कधीचं ठरल्यासारखं आहे, घरी सांगायची छाती होत नव्हती. जाताना त्याने वांग्याच्या बियाण्याचं पाकीट हातावर ठेवलं. घेतलं. पुण्याला ते लावायचं कुठे, हे घरी आल्यावर सुचलं. अण्णाजी दोन दिवस बोलले नाहीत, तिसऱ्या दिवशी भेदरं पाठवली, म्हणजे मिटलं.

आता तुझा तो ल वाला. बसस्टँडसमोर 'कोकिळा झेरॉक्स' म्हणून दुकान आहे. इतकी वर्षं त्याच्यासमोरून जाते, कधी पायरी चढले नाही. आत महादेवराव म्हणून एक गृहस्थ. आपल्याच बाजूचे, पलीकडच्या आळीत राहतात, वय माझ्यापेक्षा थोडं जास्त असेल. चष्मा कपाळावर आणि शोधतात टेबलावर. मी उभी राहिले तर वर न बघता म्हणाले, "आधार का सातबारा?"

मी म्हटलं, "ल."

तेव्हा वर बघितलं. मी श्रावणचा कागद पुढे केला. ते म्हणाले, "काऊन? गलत झाला का काई?"

"नाही, माझ्या भाचीला आवडला. तीही अक्षरं काढते."

सुरभी, तो माणूस असा हसला की मला दुकानात शिरायला उशीर केल्यासारखं वाटलं. मग स्टूल पुसून दिलं आणि सगळं दाखवलं. संगणकात त्यांनी तो ल चित्रासारखा काढून ठेवलाय आणि मजकुरात एकेक काठीवाला पुसून तो बसवतात. म्हणून त्यांच्याकडचा बायोडाटा चार दिवसांनी मिळतो. मी विचारलं, गिऱ्हाईक कुरकुरत नाही का? तर म्हणाले, "करते ना. पण काठीवाला ल पाह्यला का मले वाटते माह्या घरात कोनी दुसराच येऊन बसला."

पण श च्या बाबतीत ते काही तुझ्या बाजूचे नाहीत. म्हणतात, "श चालून जाते. मानसानं एकासंगच भांडाव." मी म्हटलं, असं कसं, ल मराठी आणि श हिंदी, पंगत एक आणि पत्रावळी वेगळ्या? त्यावर त्यांनी चहा मागवला.

कोकिळा कोण ते मी विचारलं नाही. मला काय करायचंय?

आत्या

•

सिंदी मेघे,
८ मार्च

आत्या,

श वरून त्यांना गप्प केलंस! मी इथे प्रेसमध्ये सगळ्यांना वाचून दाखवलं.

सोबत माझे ल पाठवते आहे, मोठे करून छापलेले. महादेवरावांना दाखव आणि खरं मत विचार, भिडेखातर नको. त्यांच्या ल बद्दल माझंही एक मत सांग. एकटा बघितला की देखणा आहे, पण पहिलं पोट जरा भरलेलं आहे, त्यामुळे ओळीत शाई पडल्यासारखे डाग दिसतात. कागद डोळ्यांपासून दूर धरून डोळे किलकिले केले की कळेल त्यांना.

धनंजयनंतर श्रावण, श्रावणनंतर कोण? विचारत नाहीये, आठवण करून देतेय, कारण मागच्या पत्रात तू कुणाला पाठवलंच नाहीस.

आणि कोकिळा कोण ते विचार.

सुरभी

•

समुद्रपूर,
२३ मार्च

चि. सुरभी,

तुझा निरोप जसाच्या तसा सांगितला. दोन दिवस फुगून होते. "मायनं शिकवला तो ल हाय, त्याचं पोट कोन कमी करीन?" म्हणाले. मग माझ्यासमोरच कागद दूर धरून डोळे किलकिले केले आणि म्हणाले, "पोरीची नजर तेज हाय." पोट कमी केलं. आता ओळ स्वच्छ दिसते, मीही बघितली.

तुझ्या ल बद्दल त्यांचं म्हणणं असं. "सुंदर हाय, पन याले चाल नाई. फोटो काढाले उभा राह्यल्यावानी हाय. ल चालला पाह्यजे, मागच्याच्या हातातून निघून पुढच्याच्या हातात गेला पाह्यजे." त्यांनी पेन्सिलने त्यावर खुणा केल्यात, कागद परत पाठवते. रागावू नकोस, मला तरी पटलं.

कोकिळा म्हणजे त्यांची आई. लहानपणी चुलीजवळ राखेत बोट धरून तिने त्यांना अक्षरं शिकवली, त्यातला हा ल. बायको जाऊन पुष्कळ वर्षं झाली, मुलगी सासरी चंद्रपूरला. मी सहज विचारलं म्हणून सांगितलं त्यांनी.

मी हल्ली दुपारी थोडा वेळ दुकानात जाते, तुझ्याच कामासाठी. लग्नसराईत गर्दी फार, तेव्हा कागद छापण्याआधी मी तपासून देते. काल एका पत्रिकेत 'कुलदैवत' मधला काठीवाला तसाच राहून गेला होता, मी धरला. महादेवराव म्हणाले, "कंट्रोलरीनबाई, तुमी नसत्या त माही आबरू गेलती." त्या दिवशी भरीत नेलं होतं. एकट्या माणसाच्या घरी वांगं भाजायचा सोस कोण करतो? पोळ्याही चार जास्तीच्या झाल्या होत्या, त्या बांधल्या. शालू कुंपणावरून म्हणते, "काकू, आजकाल तुमच्या घरून पोळ्यायचा वास लय वेळ येते."

परवा घर बघायला एक माणूस आला होता. टेपने अंगण मोजलं आणि म्हणाला, इथली वांगी काढून गाडी लावू. मी त्याला चहा दिला नाही. गोपालने तिकीट काढलंय, अक्षय तृतीयेच्या आदल्या दिवशीचं. त्या बियाण्याचं रोप छान उतरलंय.

महादेवराव आता श देखील बदलायला लागलेत. मी काही बोलले नव्हते.

आत्या

•

सिंदी मेघे,
८ एप्रिल

प्रिय आत्या,

तुझं पत्र भिंगाशिवाय वाचलं, तरी सगळं दिसलं.

ह्या वेळी त्यात एकही मुलगा नाही. म्हणजे एक आहे, पण तो माझ्यासाठी नाही. पुण्याला चाललेली बाई मार्चमध्ये वांग्याचं बी टाकत नाही. एका पोळीचा कंटाळा आलेल्या बाईच्या चार पोळ्या 'जास्तीच्या' होत नाहीत. आणि कोकिळा ही त्यांची आई आहे हे कळल्यावर तुझं अक्षर पुढच्या ओळीत मोकळं झालंय, हे तर शाळेतलं पोरही ओळखेल. तू मला शिकवलंस म्हणून तुझं अक्षर मला चांगलं कळतं.

तुला मी किती वर्षांनी अशी बघतेय, आत्या. मला इतका आनंद झालाय की रडूच आलं.

महादेवरावांच्या खुणा बघून माझा ल सुटला. त्यांचं म्हणणं खरं होतं, त्याला चाल नव्हती. आता टाइप पुरा झाला. पहिला कागद कशाचा छापायचा हा प्रश्न होता. परिचय मेळाव्यांत तू आयुष्यभर दुसऱ्यांचे कागद वाटलेस, तुझा कुणी केलाच नाही. म्हणून सोबतचा बघ.

*नाव : सुलोचना (कै. किसनराव झाडे यांच्या पत्नी)*
*व्यवसाय : वांग्याचे नि सांभाराचे वाफे, आणि दुसऱ्यांची लग्नं जमवणे*
*शिक्षण : चालू आहे. सध्या ल आणि श.*
*स्वभाव : तिखट, पण वाढून झाल्यावर पाणी देणारा*
*अपेक्षा : तव्यावर एकीपेक्षा जास्त पोळ्या*
*पत्ता : समुद्रपूर (अक्षय तृतीयेपर्यंत)*

तुझ्या नावात मध्येच ल आहे हे मी मुद्दाम केलेलं नाही, ते तुझ्या वडिलांचं काम. बाकी सगळं माझं. फाडायचा असेल तर फाड. पण आधी नीट बघ.

तुझी,
सुरभी

•

समुद्रपूर,
१६ एप्रिल

सुरभी,

लाज नाही वाटली तुला? ह्या वयात माझा बायोडाटा! पाकीट उघडलं तेव्हा शालू समोर होती. मी तो कागद पिठाच्या डब्यात लपवला आणि दिवसभर डब्याला हात लावला नाही. भीती वाटली गं. लोक काय म्हणतील ती भीती नाही, लोकांची तोंडं मी ओळखून आहे. कागदावर लिहिलेलं सगळं खरं होतं, त्याची भीती वाटली. गोपालला काय वाटेल? म्हणेल, आई, मी बोलावलं तर तुला यायचं नव्हतं आणि इथे हे? आणि ह्यांची आठवण पुसली जाईल का, ह्या विचाराने रात्री डोळ्याला डोळा लागला नाही. सकाळी ह्यांच्या फोटोपुढे बसले आणि लक्षात आलं, महादेवरावांशी मी सगळ्यात जास्त ह्यांच्याबद्दलच बोलते, आणि ते ऐकतात.

आज पीठ झटकून कागद दुकानात नेला. सांगते ते खरं मान, मी फक्त ल दाखवायला नेला होता. म्हटलं, "भाचीचा टाइप पुरा झाला, बघा."

त्यांनी आधी खरोखरच ल बघितला. दूर धरून, डोळे किलकिले करून. "चालला," म्हणाले, "आता चालला." मग कागद जवळ घेतला आणि वाचायला लागले. पंखा फिरत होता, झेरॉक्सचं मशीन गरम होऊन वाजत होतं, आणि एक गिऱ्हाईक सातबारा घेऊन दारात उभं होतं. त्याला म्हणाले, "उद्या येजो." तो म्हणाला, उद्या तलाठी नाही. "तं परवा येजो."

मग चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा घातला. माझ्याकडे बघितलं नाही, कागदाकडेच बघत बोलले. "सुलोचनाबाई, (कंट्रोलरीनबाई नाही म्हणाले, लक्षात घे,) बाकी सगळं बरोबर हाय. खाली एका जागी दुरुस्ती करा लागते."

"कुठे?"

त्यांनी पत्त्याच्या ओळीवर बोट ठेवलं. "हे कंसातलं काढा लागते."

सुरभी, इतकी वर्षं मी दुसऱ्यांना विचारलं, पसंत आहे का, होकार आहे का, तोंड उघडा गं बाई. माझ्यावर आली तेव्हा माझंच तोंड उघडेना. शेवटी टेबलावरचा लाल पेन उचलला आणि त्यांच्या हातात दिला.

म्हटलं, "काढा."

त्यांनी रेघ मारली. अगदी सरळ, पट्टी न लावता.

आता गोपालला तू सांग. माझ्याने होत नाही. तो नको म्हणाला तर मी मुकाट्याने गाडीत बसेन, तेही सांग. पण त्याला आधी कागद दाखव.

आत्या

•

सिंदी मेघे,
२३ एप्रिल

प्रिय आत्या,

मुकाट्याने तू आयुष्यात कशात बसली नाहीस, तेव्हा ते मी सांगितलंच नाही.

कागद मात्र दाखवला. गोपालदादाने तो फोनवर उघडून दोनदा वाचला. मागून सपनावहिनी म्हणत होती, "अहो, बोला ना, आईंना खूश बघून तुम्हाला काय झालंय?" मग तो म्हणाला, "आई मला कधी म्हणालीच नाही की तिला एका पोळीचा त्रास होतो." तुम्ही दोघंही सारखेच, सरळ सांगायचं म्हणून नाही. शेवटी विचारलं, "ते पुण्याचं तिकीट उलटं करून मिळतं का गं?" तिकीट उलटं होत नाही, पण त्याने नवी काढलीत, वहिनीसकट. अक्षय तृतीयेला दोघंही समुद्रपूरला येताहेत. बाबांना मी सांगितलं, ते पुन्हा रडले आणि लगेच विचारलं, मुहूर्त कधीचा. त्यांना एकदाचं कुणाचं तरी लग्न हवंच होतं.

आज दुपारी एक पाकीट आलं. वर माझं नाव, खाली 'वधूकडील मोठ्या माणसास' असं लिहिलेलं. आत महादेवरावांचा बायोडाटा. दोनच ओळींची प्रस्तावना आहे: 'पोरी, माझ्याकडचं मोठं माणूस आता कोणी राहिलं नाही, म्हणून माझ्या बाजूनंही तूच बोल. काही कमी-जास्त असेल तर लाल पेनाने दाखव.'

मी प्रथेप्रमाणे खुर्चीत ताठ बसले, चहा मागवला आणि कागद बघितला. ल मराठी, सगळीकडे, एकही काठीवाला सुटलेला नाही. श ही मराठी, म्हणजे तुझं त्यांच्या घरात आत्तापासूनच चालतं. वेलांट्या काठीवर टेकलेल्या. 'छंद' ह्यापुढे त्यांनी 'भरीत' लिहिलंय. 'अपेक्षा' ह्यापुढे काही न लिहिता जागा मोकळी सोडलीय, आणि त्या जागेवर पिठाचं एक पांढरं बोट उमटलंय. कुणाचं ते मी विचारत नाही.

बोलणी करायला मी रविवारी येते. येताना वर्ध्याहून गोरसपाकाची बिस्किटं आणते. पोहे तू करायचे नाहीत, मुलीने करायचे नसतात. आणि हे पत्र ह्या वेळी नीट वाच, पुन्हा घोळ नको, कारण पुढचा फोन मी बाबांना करणार आहे.

श वर अजून थोडी चर्चा होईल. मुलगा पसंत आहे.

तुझ्या बाजूने आणि त्यांच्याही,
सुरभी